पाखराला मोजता येत नाही

१

मला हे लिहायचं नव्हतं, ते आधीच सांगून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मेंढरं राखून उरेल तेवढी. सुनेनं, प्रियंकानं, शंभर पानी वही आणून पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "मामा, रोज त्येच त्येच बडबडतायसा. त्यापरीस एकदाच लिवून काढा."

बडबडतो म्हणे. तोंडानं सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं? शेजारचा शिवशरण हसला. बायकोनं, मायाक्कानं, अंगारा आणला. डॉक्टरनं बीपीची गोळी अर्ध्याची पुरी केली. आता लिहितो. चुका निघाल्या तर शाळामास्तरांनी काढाव्यात, मला वेळ नाही.

माझं नाव बिरप्पा. सोलापूरच्या उत्तरेला माळ आहे, त्या माळाच्या कडेला आमची वस्ती. पत्र्याची एक खोली, पुढं छप्पर, कडेला मेंढरांचा वाडा. बत्तीस वर्षं मी माळावर वनखात्याचा रोजंदारी राखणदार होतो. माळढोक नावाचं मोठं पाखरू पुस्तकात असतं ना, त्याला आम्ही हूम म्हणतो, कारण नर तसा घुमतो. माझ्या उमेदीत एका सकाळी सात-आठ दिसायचे. आता एक दिसला तरी सोलापूरहून गाड्या येतात.

तशीच ती आली. भादव्यात. उत्कर्षा म्याडम.

२

ती पेपरात लिहायची आणि फोटोही स्वतःच काढायची. उंच, काटक, पाठीवर तिच्याएवढंच ओझं. पहिल्याच दिवशी छपराखाली चहा पिताना मला शिकवायला लागली.

"काका, लोकांना माळ म्हणजे पडीक जमीन वाटते. कागदावर तसंच लिहिलंय. एक चांगला फोटो आला ना, की त्यांना कळेल इथं कोण राहतं ते."

"हितं आमी ऱ्हातो," मी म्हणालो. "आमचा फोटो कुणी काढला न्हाय त्यो."

"मग काढू का?"

"तोंड न्हाय काढायचं. लई तर पाठ काढा."

ती हसली. पण शब्द पाळला, हे कबूल करतो. बारा दिवसांत तिनं माझी फक्त पाठच काढली. तेच पुढं नडलं.

आता लपणाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आहे. लपण म्हणजे माळाच्या मधोमध दगड रचून, वर गवत टाकून केलेली खोपी. आत दोन माणसं बसतील एवढी जागा, एक दगडी ओटा आणि पुढं फोटो काढायला चौकोनी भोक. पाखरू लांबून सगळं बघत असतं. माणूस आत शिरला आणि बाहेर आला नाही, की ते त्या बाजूला फिरकत नाही. म्हणून आमची रीत आहे. दोघांनी आत जायचं, एकानं लगेच परत फिरायचं. पाखराला वाटतं, आलेले गेले. पाखराला मोजता येत नाही.

संध्याकाळी उलटं. एकानं न्यायला जायचं, दोघांनी यायचं. बाहेर उभं राहून खाकरायचं, आतल्यानं खाकरून ओ द्यायची. मग न्यायला आलेल्यानं मागं न बघता चालू लागायचं, आतल्यानं मागनं यायचं. भोकाशी थांबून गप्पा हाणल्या की पाखराला संशय येतो.

हे मी तिला दोनदा सांगितलं. तिनं वहीत लिहूनही घेतलं.

३

पहिल्या दिवशी उजाडायच्या सुमाराला तिला लपणात बसवून मी परत आलो. मायाक्कानं छपराखाली दोन कप चहा ठेवला होता.

"दुसरा कुणाला?"

"तुमच्या मागनं कोन आलं, त्येला."

"कोन आलं?"

"मला काय म्हाईत? तुमीच आनलंसा." तिनं वाकून माझ्या मागं बघितलं. "गेलं वाटतं वाड्याकडं."

तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मी म्हणालो, डोळे परत दाखवून आण. ती म्हणाली, डोळं चांगलं हायत, तुमचं डोस्कं दाखवा. दुसरा कप मीच प्यालो.

दुसऱ्या दिवशी शिवशरण बांधावरून ओरडला. त्याचं तुरीचं रान आमच्या वाटेला लागून आहे. "काय अण्णा, दोन दोन म्याडम आनल्यात व्हय? पास एकीचा आन् नेतायसा दोगींना?"

"एकच हाय. ती बसलीय आत."

"मग तुमच्या मागनं घोंगडं पांघरून कोन चाललंय?"

मी वळून बघितलं. माळ होता. गवत होतं. शिवशरणला सकाळी सकाळी दुसऱ्याची चेष्टा केल्याशिवाय भाकरी पचत नाही, हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. मी त्याला दोन शब्द ऐकवले आणि घरी आलो. छपराखाली दोन कप.

चार दिवस हेच. माणसाला किती वेळा एकच गोष्ट सांगायची? मी एकटाच येतो. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणजे वाऱ्याची झुळूक, लागली तर लागली.

४

पाचव्या दिवशी मी मुद्दाम वाट बदलली. दवानं पांढऱ्या झालेल्या गवतातून माणूस चालला की दव झडतं आणि मागं काळी रेघ उठते. लांबूनही दिसते. म्याडमला बसवून मी रोजच्या वाटेनं न येता ओढ्याच्या अंगानं आलो, जिथं त्या सकाळी कुणाचंच पाऊल पडलं नव्हतं. चढावर आलो आणि मागं बघितलं.

दोन रेघा होत्या. शेजारी शेजारी, हातभर अंतरानं. मी जिथं दगडाला वळसा घातला होता तिथं दोन्ही वळल्या होत्या. मी जिथं विडी पेटवायला थांबलो होतो तिथं दोन्ही रुंदावल्या होत्या.

कोल्हा असेल म्हणालो. पण कोल्हा विडी ओढायला थांबत नाही. मेंढरू असेल म्हणालो, पण दवात मी मेंढरं सोडत नाही, पोटं फुगतात. मग म्हणालो, बिरप्पा, तुझे पायच फेंगडे पडतात, वय झालं. ते मला पटलं. पटवून घेतलं.

त्या दिवशी घरी बसून मी पहिल्यांदा वाड्याकडं नीट बघितलं. उन्हं तापली की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून गोळा होतात, ते साऱ्या जगाला माहीत आहे. पण गोळा होताना मधे जागा सोडत नाहीत. त्या दिवशी सोडली होती. मधे एक माणूस बसेल एवढी जागा, आणि चहूबाजूंनी मुंडकी आत केलेली, मी मधे बसलो की करतात तशी.

घाबरली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी न्यायला निघालो तेव्हा शिवशरण तुरीत होता. मी त्याच्याकडं न बघताच विचारलं, "किती जनं चाललोय रं आमी?"

"दोगं," तो म्हणाला. "रोजच दोगं की. का, लपवायचं हाय काय?"

म्हणजे सकाळी माझ्याबरोबर येतं, दिवसभर वाड्यात बसतं, संध्याकाळी माझ्याबरोबर परत जातं. मग माझं काय बिघडतं? जसं येतं तसं जातं. म्याडमला सांगितलं तर एक तर हसेल, नाही तर छापेल. मी गप्प बसलो.

५

तिला एकच गोष्ट जाणवली होती, ती तिनं आठव्या की नवव्या दिवशी बोलून दाखवली. मी तिला आत बसवत होतो. तिनं ओट्यावर हात ठेवला आणि थांबली.

"काका, माझ्या आधी कुणी बसतं का इथं? दगड गरम आहे."

"रातभर गरम ऱ्हातोय दगड."

"बाकीचे सगळे गार आहेत. हा एकच."

"म्याडम, पाखरू बघायला आलाय का दगड? बसा आता."

ती बसली. मीही त्या दगडाला हात लावला नाही, लगेच फिरलो. आत फार वेळ कधीच थांबलो नव्हतो, पण त्या दिवशी घाई केली हे खरं.

बाराव्या दिवशी सकाळी सगळं रोजच्यासारखं झालं. दोघं गेलो, मी परतलो, दोन कप होते. दुपारी आमटीत मीठ जास्त झालं होतं, त्यावरून मी मायाक्काला अर्धा तास बोललो. बोलता बोलता नजर वाड्याकडं गेली. मेंढरं दाटीवाटीनं उभी होती. मधे जागा नव्हती.

मला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू? गेलं म्हणालो, आपसूक.

संध्याकाळी शिवशरणनं बांधावरून हाक मारली. "आज एकलंच व्हय अण्णा? जोडीदार रुसला?"

"एकलाच," मी म्हणालो, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा त्याच्यावर चिडलो नाही.

६

लपणाजवळ पोचलो तेव्हा सूर्य गवतावर टेकला होता. मी बाहेर उभा राहिलो, रीतीप्रमाणं तोंड फिरवून, आणि खाकरलो.

आतून खाकरणं आलं.

जाड, कफाचं, विडी ओढणाऱ्या माणसाचं. मी म्हणालो, म्याडमला सर्दी झालेली दिसते, दवात बसून बसून. दुसरं काय म्हणणार? आत एकच माणूस होतं, मीच बसवलेलं. मी म्हणालो, "चला," आणि चालायला लागलो.

मागं पावलं आली. मी रीत मोडली नाही, वळून बघितलं नाही. पण तोंड माझं गप्प बसत नाही. सबंध वाटभर मी तिला बोलत होतो. म्हणालो, बारा दिवस झाले, आता पुरे करा. हूम काय तुमच्यासाठी नटून येणार हाय का. म्हणालो, काढा घ्या, आडुळशाचा, मायाक्का करून देईल. म्हणालो, घरात या, दोन घास खाऊन जा, नुसत्या चहावर किती दिवस काढाल. मागून उत्तर आलं नाही. दमली असेल. पावलं मात्र माझ्या पावलांवर पडत होती, पुढंमागं नाही, बरोबर त्याच ठोक्याला.

मीच म्हणालो, घरात या. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितोय.

खोलीच्या दाराशी आलो. मायाक्का चुलीपुढं पाठमोरी बसली होती. पावलांचा आवाज ऐकून म्हणाली, "म्याडमला म्हणावं, आत बसा घोंगड्यावर. भाकरी टाकतेच."

मी बाजूला झालो, बाईमाणसाला वाट द्यावी म्हणून. माझ्या खांद्याला काही तरी घासून आत गेलं. घोंगड्याची लोकर लोकरीला घासावी तसं.

तेवढ्यात खुंटीला टांगलेल्या पिशवीत फोन वाजला. मी उचलला.

"काका, उत्कर्षा बोलतेय. सोलापुरात पोचले. अहो, मिळाला फोटो, बारा वाजता, नर, गळा फुगवलेला. तुम्हाला दाखवायचा होता, पण तुम्ही काही बोलायलाच तयार नव्हता."

"कवा?"

"दुपारी. न्यायला आलात तेव्हा. तुम्ही खाकरलात, मी निघाले, तुम्ही रस्त्यापर्यंत पुढं पुढं चाललात आणि तसेच निघून गेलात. रागावलात का माझ्यावर? गाडी उभी होती म्हणून मी थांबले नाही. हॅलो? काका?"

मी खोलीत बघितलं. घोंगडं अंथरलेलं होतं. त्याच्यावर कुणी नव्हतं. मधोमध ते हळूहळू खोल जात होतं, जड माणूस टेकताना जातं तसं.

७

पंधरा दिवसांनी पेपर आला. प्रियंकानं चार अंक आणले. वर हूमचा फोटो, अर्ध्या पानाचा. चांगला होता, नाही म्हणत नाही. खाली लहान फोटो. गवतातून चाललेला म्हातारा, पाठमोरा. खाली छापलं होतं, 'बिरप्पा, माळाचा राखणदार'.

प्रियंकानं फोन लावून म्याडमकडून त्या फोटोची वेळ काढून घेतली. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. एक वाजता मी घरात आमटीवरून भांडत होतो.

मायाक्काला म्हणालो, "सांग हिला, मी घरात हुतो का न्हाय?"

"हुतासा की," ती म्हणाली. "पर त्या दिशी तुमी गप हुतासा. एक अक्षर बोलला न्हाय."

"आमटीत मीठ जास्त म्हणून अर्धा तास बोललो मी."

"कवा?" ती म्हणाली.

फोटो मी पुष्कळ वेळा बघितला. माझ्या पांघरायच्या घोंगड्याला उजव्या खांद्यावर मायाक्कानं लावलेलं ठिगळ, ते आहे. डावी वहाण बाहेरून झिजलेली, ती आहे. मान आहे, काठी धरायची ढब आहे. बारा दिवस माझ्या मागनं चालून जे जे दिसेल ते सगळं बरोबर आहे. पण म्याडमनं बटण दाबलं तेव्हा त्यानं जरा मान वळवली होती. गालाची कड दिसते. तिथं नाक, मिशी, डोळ्याची खोबण असायला पाहिजे. तिथं गालाची कडच पुढं चालू राहते, सपाट, कानापासून हनुवटीपर्यंत.

पेपरची शाई पसरली असेल. मी तसंच म्हणतो. चारही अंकांत सारखीच पसरली, एवढंच.

मी फोन करून म्याडमला म्हणालो, फोटो माझा नाही, पेपरात तसं छापा. ती हसली. म्हणाली, "काका, तुम्हीच म्हणाला होतात ना, पाठ काढा? अहो, तुमच्या घरच्यांनीही ओळखलं."

ओळखलं खरं. मायाक्कानं तो कापून चौकटीत बसवलाय. येणारे जाणारे म्हणतात, हुबेहूब.

मी म्हणालो, बरं, छापू नका. पण एकदा या. रीतीनं आत बसा, मी तुम्हाला रीतीनं बाहेर काढतो. मग बघू लपणात कोण मागं राहतं. ती म्हणाली, सध्या कामात आहे, उन्हाळ्यात बघते. शिवशरणला विचारलं, चल माझ्यासंगं लपणात. तो हसला, पण बांध ओलांडला नाही.

आता कुणीच मला दोघं म्हणत नाही. शिवशरण हाक मारतो, "एकलंच व्हय अण्णा?" छपराखाली चहाचा एकच कप असतो. आधी तो माझ्या पुढ्यात असायचा. या आठवड्यात मायाक्का तो कोपऱ्यातल्या घोंगड्याजवळ ठेवते आणि निघून जाते. मी म्हणतो, अगं, हितं. ती थांबत नाही. उठून मीच घेतो. दोनदा तो अर्धा झाला होता.

आधी ते माझ्या मागं असायचं. आता समोर बसतं. घोंगडं दबलेलं असतं, आणि ज्या बाजूला मी सरकतो त्या बाजूला ते दबणं थोडं वळतं. मला कळतं, ते काय करतंय. पाठ त्याची झाली आहे. मी विडी ओढतो, खाकरतो, डोळे बारीक करतो, आणि ते बघतं. म्हणून हल्ली मी भिंतीकडं तोंड करून बसतो. हे लिहितोय तेसुद्धा तसाच बसून. प्रियंका म्हणते, मामा रुसलेत.

मी रुसलो नाही. मला एवढंच पाहिजे की पेपरात दोन ओळी याव्यात, फोटोतला माणूस बिरप्पा नाही म्हणून. आणि जी कोण न्यायला आलंय ते न बघता उठून चालू लागली, आणि जिनं त्याला माझं नाव देऊन सोलापूरभर वाटलं, तिनं इथं येऊन माझ्या तोंडाकडं बघून माफी मागावी, ते तोंड माझं आहे तोवर. नाव परत लिहितो, शाळामास्तरांनी खाडाखोड करू नये.

उत्कर्षा.